गच्चीवर बल्बच्या माळा लावायच्यात? माळ सगळ्यात शेवटी घ्या

सोलापुरात उन्हाळ्यातली खरी बैठक सूर्य मावळल्यावर गच्चीवर बसते. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर दोन बादल्या पाणी मारायचं, वाफ ओसरली की सतरंज्या टाकायच्या आणि मग जेवणं, गप्पा, कधी वाढदिवस, कधी गावाहून आलेले पाहुणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर हवा अशी असते की घरात बसवत नाही. अशा जागी डोक्यावरून पिवळ्या बल्बच्या माळा सोडायची हौस आता बऱ्याच घरांत दिसते, आणि ती रास्तच आहे. जिन्याच्या भिंतीवर एक ट्यूब लावली की निम्म्या लोकांच्या डोळ्यांत ती खुपते आणि उरलेले निम्मे स्वतःच्याच सावलीत जेवतात. वरून पसरलेला मंद उजेड मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर आणि ताटात सारखा पडतो.

पण बहुतेक जण सुरुवात करतात ती माळ विकत आणून. मग ती कुठे बांधायची याची शोधाशोध सुरू होते. एक टोक डिशच्या पाईपला, दुसरं टाकीच्या नळाला, मधे कपड्यांची दोरी. एप्रिल-मेमधला पहिला वळीव आला की सगळं गच्चीवर लोळतं, आणि तेही ओल्या स्लॅबवर, चालू विजेसकट. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. बसायची जागा, मोजमाप, आधार, ओढतार (माळेचा भार पेलणारी तार), वीज, आणि हे सगळं कागदावर पक्कं झालं की मगच दुकानात जाऊन माळ.

बसणार कुठे?

अख्खी गच्ची उजळायची गरज नसते. टाक्या, सोलर, कपड्यांच्या दोऱ्या, कुंड्या हे सगळं वगळून माणसं खरोखर बसतात तो तुकडा शोधा. संध्याकाळी खुर्च्या आणि सतरंज्या नेहमीसारख्या मांडा आणि त्यांच्या कडेने खडूने रेघ ओढा. बहुतेक घरांत हा चौकोन वीस बाय पंचवीस फुटांच्या आसपास भरतो. माळा एवढ्याच भागावर घ्यायच्या. बाकीची गच्ची थोडी अंधारात राहिली की उजेडातली जागा आपोआप अंगणासारखी वाटते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला देवळावर आणि गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, जी रोषणाई होते ती लांबून बघायची असते. तिथे रंग हवेत, लखलखाट हवा, चालू-बंद होणारे दिवे हवेत. गच्चीवरच्या माळेखाली आपण दोन-तीन तास बसणार असतो. तिथे हे काहीच नको. लुकलुकणाऱ्या रंगीत माळा दिवाळीत कठड्याला लावा, छान दिसतात, पण जेवणाच्या डोक्यावर नकोत. हिरव्या-निळ्या उजेडात शेंगाचटणी राखाडी दिसते आणि समोरचा माणूस आजारी.

गच्ची सोसायटीची असेल तर कमिटीची परवानगी आधी घ्या. वीज सामाईक मीटरवरून घेणार की स्वतःच्या, हेही तेव्हाच बोलून टाका.

सुतळीने मोजा

टेपने मोजा आणि कागदावर आकृती काढा. एक चौकोन एक फूट धरला तर शाळेची गणिताची वही पुरते. कठड्याची उंची, जिन्याच्या खोलीची उंची, टाकीचा चबुतरा, कॉलम कुठे आहेत, जवळचा बोर्ड कुठे आहे, हे सगळं त्यावर आलं पाहिजे. गच्चीजवळून विजेची तार जात असेल तर तीही लाल पेनने काढा. तिच्याकडे पुढे परत येऊ.

मग रचना. साध्या घरांना दोनच जमतात. पहिली म्हणजे समांतर ओळी, कठड्यापासून कठड्यापर्यंत, दोन ओळींत पाच ते सात फूट अंतर. दुसरी म्हणजे पंखा: जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर एक जागा धरायची आणि तिथून समोरच्या कठड्यावरच्या तीन-चार खांबांपर्यंत माळा पसरत न्यायच्या. जिन्याची खोली गच्चीपेक्षा बरीच उंच असते, त्यामुळे एका बाजूचे खांब वाचतात. माझी पसंती पंख्याला आहे. मात्र सगळ्या माळांची ओढ त्या एका जागेवर येते, तेव्हा तिथलं काम दणकट हवं.

वहीतली आकृती ठरली की गच्चीवर सुतळी बांधून बघा. दोघांनी दोन टोकं बांबूला बांधून उंच धरायची आणि तिसऱ्याने खाली खुर्चीत बसायचं, मग उभं राहायचं, मग हात वर करायचा. आपल्याकडे गच्चीवर नाच होतो, पोरं खांद्यावर बसतात, बांबूचा मांडव इकडून तिकडे नेला जातो. सगळ्यात खालचा बल्बसुद्धा जमिनीपासून आठ फुटांच्या खाली येता कामा नये. सुतळीवर हे दहा मिनिटांत कळतं.

झोळ: कमी ताण, जास्त आयुष्य

माळ सरळ रेषेत ताणलेली असावी असं नवख्या माणसाला वाटतं. हीच सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. तार जितकी सपाट ओढाल तितकी तिची ओढ वाढते, आणि ही वाढ अंदाजापेक्षा फार जास्त असते.

हिशोब सोपा आहे. तारेसकट माळेचं एकूण वजन गुणिले दोन आधारांमधलं अंतर, भागिले झोळाची आठपट (झोळ म्हणजे तार मधोमध जितकी खाली येते ते अंतर; दोन्ही अंतरं इंचांत धरा). उत्तर येते ती आधारावरची आडवी ओढ. समजा अंतर 26 फूट आहे आणि तार, माळ, बल्ब मिळून वजन 4 किलो. मधोमध 16 इंचांचा झोळ ठेवला तर ओढ साधारण 10 किलो येते. झोळ 8 इंच केला की 20 किलो. 4 इंच केला की 40 किलो. वजन तेवढंच, फक्त तार सरळ दिसावी म्हणून आधारावर चौपट भार. त्यावर वाऱ्याचा झोत आला की हा आकडा आणखी वाढतो आणि तार ज्याला बांधली आहे ते उपटून येतं.

म्हणून अंतराच्या पाच टक्के झोळ ठेवा. 26 फुटांना तो 16 इंचांच्या जवळपास बसतो. दिसायलाही तो चांगला दिसतो. यावरून हुकाची उंची काढता येते. खालचा बल्ब 8 फुटांवर, होल्डर आणि बल्बची लोंबती लांबी सहा इंच, झोळ सोळा इंच. बेरीज 9 फूट 10 इंच. म्हणजे हूक 10 फुटांवर हवा. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, खांब याच मापाचे कापायचे आहेत.

दुसरी गोष्ट, हा भार माळेच्या वायरने उचलायचा नाही. माळेची वायर वीज नेण्यासाठी असते. तिच्यावर ताण आला की होल्डरपाशी आवरण ताणलं जातं, बारीक चीर पडते आणि पावसाचं पाणी आत जातं. वर एक स्टेनलेस स्टीलची ओढतार बांधायची आणि माळ तिला फक्त लटकवायची. घरगुती अंतराला 3 मिलिमीटरची वायर रोप भरपूर होते. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर कापून मिळते. तिच्याबरोबर प्रत्येक ओळीला एक टर्नबकल (फिरवून तार ताणायचा आट्यांचा जोड), दोन थिंबल आणि चार क्लॅम्प घ्या.

क्लॅम्प लावायची एक ठराविक रीत आहे आणि घाईत ती हमखास उलटी होते. तार हुकातून फिरवून मागे आणली की दोन तारा शेजारी-शेजारी येतात: एक लांब, जिच्यावर ओढ आहे, आणि एक कापलेलं आखूड टोक. क्लॅम्पला दोन भाग असतात, एक खाचा असलेला जाड तुकडा आणि एक यू आकाराचा बोल्ट. जाड तुकडा ओढ असलेल्या लांब तारेवर बसला पाहिजे आणि यू आखूड टोकावर. उलटं केलं तर यू बोल्ट भाराच्या तारेला चिमटून तिचे तंतू मोडतो आणि पकड कमी होते. प्रत्येक टोकाला असे दोन क्लॅम्प लावा, दोघांची दिशा एकच ठेवा, आणि माळ चढवल्यावर चार-आठ दिवसांनी नट पुन्हा एकदा आवळा. भार आला की तार थोडी दबते आणि आधी घट्ट वाटलेला नट सैल होतो. थिंबल म्हणजे फाश्याच्या आत बसवायची पन्हाळीसारखी कडी. ती नसेल तर तार हुकावर घासून तुटते.

आधार कशाला घ्यायचा

सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे आरसीसी: कॉलम, बीम, जिन्याच्या खोलीचा लिंटेल. पुढचा मजला चढवायचा म्हणून आपल्याकडे कित्येक घरांवर कॉलमचे खुंट आणि वर आलेल्या सळया तशाच ठेवलेल्या असतात. त्या खुंटाचं काँक्रीट आधाराला उत्तम. सळयांना मात्र माळ गुंडाळू नका, त्यांची गंजलेली धार वायरचं आवरण सोलून काढते. आरसीसीत हॅमर ड्रिलने भोक पाडून लोखंडी अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) आणि आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवा. पंख्याच्या रचनेत जिन्याच्या खोलीवर तीन-चार माळांची मिळून तीस-चाळीस किलो ओढ येते. तिथे प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू चालणारच नाही. नुसत्या गिलाव्यात ठोकलेला हूक तर कुठेच नको.

टाकीचा पाईप, सोलरचा स्टँड, डिशचा दांडा, प्लास्टिकची टाकी यांना काहीही बांधायचं नाही. ही सगळी उभा भार घ्यायला बनलेली असतात, आडवी ओढ घ्यायला नाहीत.

कठड्यावर खांब उभे करायचे झाले तर दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप घ्या. तो साधारण वीस फुटी येतो, म्हणजे एका पाईपात दहा फुटांचे दोन खांब बसतात. वेल्डिंगवाल्याकडून वरच्या टोकाला कडी लावून घ्या आणि तोंड झाकून घ्या, नाहीतर पाईपात पाणी साठून तो आतून गंजतो. खांब कठड्याला आतून दोन ठिकाणी पकडायचा, एक क्लॅम्प स्लॅबच्या वर सहा इंचांवर आणि दुसरा कठड्याच्या माथ्याजवळ.

इथेही थोडं गणित करा. दहा फुटांवरची 10 किलोची ओढ कठड्याच्या वरच्या क्लॅम्पपाशी चाळीस किलोंच्या पुढे जाते, कारण खांब तरफेसारखा काम करतो. नऊ इंची विटेचा कठडा असेल आणि बोल्ट आरपार घालून बाहेरून पट्टी लावली असेल तर हे निभतं. चार इंची कठडा असेल तर नुसत्या क्लॅम्पवर अवलंबून राहू नका. त्या कठड्याच्या विटा हलल्या तर खाली रस्त्यावर माणसं असतात. अशा घरात खांब कॉलमच्या जागीच घ्या, नाहीतर ओढ फिरवा. खांबाच्या टोकापासून माळेच्या उलट दिशेला एक ताणतार खाली आणून बीमला किंवा कॉलमला बांधा.

तेलाच्या पत्र्याच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात पाईप उभा करायची युक्ती सगळीकडे दिसते. पंधरा किलोच्या तेलाचा डबा काँक्रीटने भरला की चाळीस किलोंच्या घरात जातो, म्हणून तो पक्का वाटतो. पण त्याची रुंदी एक वीत असते. एवढ्या अरुंद पायावर दहा फूट उंच खांब ठेवून टोकाला दोन किलोंपेक्षा कमी ओढ दिली तरी तो कलतो, आणि आपली ओढ दहा किलोंची आहे. हा डबा फक्त खांबाचं बूड जागेवर ठेवायला वापरा आणि खांब कठड्याला बांधाच.

स्लॅबला भोक पाडू नका. बेस प्लेट बोल्टने जमिनीला जखडणं सोयीचं वाटतं, पण वॉटरप्रूफिंग फुटलं की पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीचं छत ओलं होतं. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या (लाकूड-मातीच्या सपाट छताच्या) घरांवर तर खांब, डबे, ओढतारा हा प्रकारच करू नये. तिथे अंगणात किंवा चौकात, दगडी भिंतीच्या आधाराने माळा लावाव्यात.

शिडी कायम स्लॅबवर ठेवा, दोन माणसं हवीत, एक वर आणि एक शिडी धरायला. कठड्यावर उभं राहून हूक बसवायचा नाही. वेल्डिंगवाला किंवा वायरमन स्वतःहून कठड्यावर चढायला लागला तरी त्याला खाली उतरवा.

वीज

आता ती लाल पेनची तार. उघड्या वीजवाहिनीपासून इमारतीचं अंतर किती असावं हे नियमांत ठरलेलं आहे. घरगुती दाबाची तार वरून जात असेल तर उभं अंतर किमान 2.5 मीटर, शेजारून जात असेल तर आडवं 1.2 मीटर. अकरा हजार व्होल्टच्या तारेला उभं अंतर 3.7 मीटर लागतं. तुमचा दहा फुटी खांब आणि त्यावरची ओढतार हे अंतर खाऊन टाकणार असेल तर त्या बाजूला माळच नको. खांब उभा करताना तो हातातून कलू शकतो, हेही धरून चाला. तार इमारतीच्या फार जवळ आली असेल तर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवा. रस्त्याच्या खांबावरून किंवा मीटरच्या आधी आकडा टाकणं ही वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली चोरी आहे, आणि त्या जोडाला कुठलंच संरक्षण नसतं.

गच्चीवर पाणी मारायची आपली सवय चांगलीच आहे, पण त्यामुळे इथली वीज घरातल्या विजेपेक्षा जास्त जपावी लागते. अनवाणी पाय, ओला स्लॅब आणि हातात लोखंडी खांब, यापेक्षा धोक्याचं काय असणार? म्हणून गच्चीच्या लाईनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. बरेच वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. वीज कुठेतरी भलतीकडे, म्हणजे ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून जायला लागली की तो क्षणार्धात लाईन तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त जादा भार आणि शॉर्टसर्किटला पडतो. त्यामुळे एमसीबी आहे की, असं वायरमन म्हणाला तर तेवढ्यावर समाधान मानू नका. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा आणि मोठा कार्यक्रम असेल त्या दिवशी ते दाबून बघा. लाईन पडली पाहिजे. पडली नाही तर तो बदला.

बोर्डची जागा अशी ठरवा की माळेचं टोक जमिनीवर न येता थेट सॉकेटपाशी पोचेल. घरातलं एक्स्टेन्शन दरवाजातून ओढत आणून गच्चीवर पसरायचं नाही. जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, पावसाची झड लागणार नाही अशा वळचणीखाली, झाकणाचा वॉटरप्रूफ बॉक्स बसवा. स्विच मात्र दाराच्या आत हवा, म्हणजे कोरड्या जागी उभं राहून माळ चालू-बंद करता येते. वायर आयएसआय मार्कची, तिन्ही तारांची, म्हणजे अर्थिंगसकट, पीव्हीसी पाईपातून नेलेली असावी. लोखंडी खांबही अर्थिंगला जोडून घ्या. बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरला खाली एक वळसा द्या. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत येतं आणि त्या वळशाच्या तळाशी थेंब होऊन गळून पडतं, सॉकेटपर्यंत जात नाही. एवढीशी गोष्ट, पण गच्चीवरचे बोर्ड जळतात ते याच पाण्याने.

जोड हा माळेचा सगळ्यात कच्चा भाग असतो. वायर पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेला जोड सोलापूरच्या उन्हात एक उन्हाळासुद्धा काढत नाही. टेपचा डिंक वितळतो आणि ती उलगडते. शक्यतो ओळीच्या लांबीची अखंड माळ घ्या. जोडावंच लागलं तर तयार वॉटरप्रूफ कनेक्टर वापरा. किती माळा एकापुढे एक जोडता येतील हे खोक्यावर लिहिलेलं असतं. तेवढ्याच जोडा.

विजेची ही जागा करायला वायरमन बोलवा आणि परवानाधारकच बोलवा. खांब आणि ओढतार तुम्ही घरी करू शकता, बोर्ड नाही.

घरात लहान मुलं खूप असतील किंवा हे सगळं झेपणार नसेल तर 12 किंवा 24 व्होल्टच्या माळा मिळतात. त्यांचा अ‍ॅडॅप्टर घरात राहतो आणि गच्चीवर कमी दाबाची वीज जाते. उजेड थोडा कमी, पण भीती फारच कमी. फक्त लांबी जास्त असेल तर शेवटचे बल्ब मंद पडतात, म्हणून 26 फुटांच्या तीन ओळी एकापुढे एक न जोडता वेगवेगळ्या चालवा.

आता दुकानात जा

इथपर्यंत आलात की काय हवं ते नेमकं सांगता येतं: 26 फुटांच्या तीन ओळी, शिवाय प्रत्येक ओळीला बोर्डापर्यंत यायला लागेल तेवढी जादा वायर, दोन फुटांवर एक होल्डर. म्हणजे एका ओळीत 13 आणि एकूण 39 बल्ब.

बल्ब एलईडीचेच घ्या, एक वॉटचे. 39 बल्बांचे 39 वॉट होतात. पाच तास चालवले तर साधारण 0.2 युनिट. जुन्या काचेच्या झिरोच्या बल्बला नाव झिरोचं असलं तरी तो 15 वॉटच्या आसपास वीज खातो. तसे 39 लावले तर त्याच पाच तासांत जवळजवळ तीन युनिट जातात, आणि वर उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात ती कोणाला हवी आहे?

रंग वॉर्म व्हाईट, खोक्यावर 2200 ते 2700 केल्व्हिन लिहिलेलं. पांढऱ्या-निळसर बल्बवर पावसाळ्यात पाखरं आणि किडे तुटून पडतात, पिवळसर उजेडावर कमी येतात. ताटात पडणारे किडे, त्यामागे येणाऱ्या पाली, सगळंच कमी. काच पारदर्शक की दुधी हा प्रश्न माणसं कुठे बसतात त्यावर सोडवा. पारदर्शक काचेत आतली तार सुंदर दिसते, पण सतरंजीवर लोळून वर बघणाऱ्याच्या डोळ्यांत ती टोचते. जमिनीवरची बैठक असेल तर दुधीच घ्या. शक्य असेल तर डिमरवर चालणारे बल्ब आणि त्यांनाच साजेसा डिमर बसवा. कोजागरीला दूध आटत असताना माळ अगदी मंद करता येते, आणि पातेल्यात चंद्र बघायच्या वेळी पूर्ण बंद.

होल्डर दोन प्रकारचे: पिनचा आणि आट्याचा. बाहेरच्या माळेला आट्याचा चांगला, बल्ब रबरी वायसरवर घट्ट बसतो आणि वाऱ्याने सुटत नाही. होल्डर वायरवर साच्यातच ओतलेला असावा, दोन तुकडे स्क्रूने जोडलेला नको. प्रत्येक होल्डरच्या माथ्यावर लटकवायला कडी आहे ना तेही बघा. वायर रबराची मिळाली तर उत्तम. साध्या पीव्हीसीचं आवरण आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होतं आणि तडकतं.

खोक्यावर आयपीचा आकडा शोधा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी 44 म्हणजे उडालेलं पाणी सोसेल. आयपी 65 म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याचा फवाराही चालेल. मे महिन्यात इथे धुळीची वावटळ उठते आणि मागोमाग पाऊस, तेव्हा 65 ला पर्याय नाही. बल्बवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक नसेल तर ते खोकं दुकानदाराला परत द्या.

माळ घरी आणली की वर चढवण्याआधी जमिनीवर, कोरड्या जागी पसरून तासभर पेटती ठेवा. बंद बल्ब, सैल होल्डर, गरम होणारा प्लग हे सगळं तेव्हाच कळतं.

चढवायचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा, दहानंतर पाईपाला हात लावता येत नाही. आधी रिकामी ओढतार बांधा, टर्नबकल निम्मा उघडा ठेवा, हाताने ताणून पाच टक्क्यांपेक्षा थोडा कमी झोळ ठेवा. मग बल्ब न लावता माळ चढवा. प्रत्येक होल्डरची कडी छोट्या एस हुकाने किंवा काळ्या केबल टायने तारेला अडकवा. पांढरे टाय उन्हात वर्षभरात कुडकुडीत होऊन तुटतात, काळे जास्त टिकतात. दोन होल्डरांमधली वायर किंचित सैल राहिली पाहिजे, भार तारेवर आहे याची तीच खूण. शेवटी बल्ब बसवा आणि टर्नबकल फिरवून झोळ जमवा. प्लग सगळ्यात शेवटी.

अंधार पडल्यावर खुर्चीत बसून बघा, खाली बसून बघा, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीच्या बाजूनेही बघा. त्यांच्या झोपायच्या खोलीत उजेड पडत असेल तर त्या टोकाचे दोन बल्ब काढून टाका. जिन्याच्या पायऱ्यांवर माळेचा उजेड पोचत नाही, तिथे पायाशी वेगळा दिवा हवा.

शेतावर हुरड्याला

हीच माळ शेतावर न्यायची असेल तर दोन-तीन गोष्टी बदलतात. काळ्या मातीत खांब नुसता गाडू नका. ती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते, खांब आपोआप सैल होतो. बांधावरच्या दोन कडुलिंबांमध्ये किंवा आंब्यांमध्ये ओढतार बांधणं सोपं. झाडाला तार थेट आवळायची नाही, मधे रुंद पट्टा किंवा पोत्याची घडी ठेवायची आणि वारं सुटल्यावर फांदी हलेल एवढा झोळ जास्त सोडायचा. आगटीच्या थेट वर माळ नको, कणसं भाजताना ठिणग्या दहा फुटांपर्यंत सहज जातात. शेतातली वीज पाळीने येते, म्हणून इथे सोलरची किंवा बॅटरीवरची माळ सोयीची. सोलापूर 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कोनात कलता ठेवला की हिवाळ्यातही चांगला भरतो.

वळीव आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर काळं भरून आलं की प्लग काढा. विजा कडाडायला लागल्यावर गच्चीवर जाऊन माळ काढत बसायचं नाही. घरातला स्विच बंद करून थांबायचं. म्हणूनच एका टोकाला गाठीऐवजी कॅराबिनर हूक (स्प्रिंगने उघडणारी-मिटणारी कडी) लावलेला बरा. दोन मिनिटांत ओळ सुटते आणि गुंडाळून जिन्याच्या खोलीत ठेवता येते.

पावसाळ्यात माळ वर ठेवायची की उतरवायची? आयपी 65 असली तरी मी उतरवायच्या बाजूने आहे. सोलापुरात जून-जुलै बरेचदा कोरडेच जातात आणि खरा जोर सप्टेंबरात येतो, त्यामुळे गणपतीपर्यंत वर ठेवायचा मोह होतो. पण या दिवसांत बैठक गच्चीवर बसतच नाही. ओढतार आणि खांब तसेच राहू द्या, फक्त टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस लावा.

उतरवताना बल्ब आधी काढा आणि खोक्यात कागद घालून ठेवा. वायर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा, प्रत्येक होल्डर डोळ्यांसमोर धरून चीर आहे का बघा, चीर असलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावून खूण करा म्हणजे परतीचा पाऊस संपल्यावर आधी तेवढंच दुरुस्त करता येईल. मग पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा आणि वर चिठ्ठी बांधा: जिन्याकडून पहिली ओळ, 26 फूट, 13 बल्ब.